आण्णांच्या कानाची दोन दुखणी

प्रश्न : माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ७१. सगळी हयात यंत्रमागावर गेली. आता माझे मिस्टर तीच शेड बघतात. आण्णांना काही वर्षांपासून कमी ऐकू येतं. हळू बोललं तर 'काय?' म्हणतात, जरा आवाज चढवला तर 'ओरडतीस कशाला, बहिरा न्हाई मी' म्हणून रागावतात. दोन वर्षांपूर्वी एका मोफत शिबिरात तपासणी झाली, तिथंच १८ हजारांचं ऐकण्याचं मशीन घेतलं. आठ दिवस लावलं, नुसता गोंगाट होतो म्हणून काढून कपाटात टाकलं. आता चार महिन्यांपासून नवीनच सुरू झालंय. पहाटे कूस बदलली की सगळं घर फिरतं म्हणतात. बीपी, शुगर ठीक आहे. चक्करच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. पडायच्या भीतीनं एकट्यानं बाहेर जायचं त्यांनी बंद केलंय. एका दुकानात दोन्ही कानांचे मिळून ९० हजार सांगितले. 'चक्करही जाईल, आणि मशीन लावलं नाही तर पुढं विस्मरण होतं' असंही म्हणाले. मिस्टर म्हणतात, ह्या वयात एवढा खर्च कशाला. आम्ही नक्की कुणाकडं जावं? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं की ऑडिओलॉजिस्टकडं?
— एक सून, इचलकरंजी

उत्तर :

ताई, ते ९० हजार सध्या बँकेतच राहू देत. आणि ज्या दुकानात मशीननं चक्कर जाईल असं सांगितलं, तिथं परत जाऊ नका. श्रवणयंत्र आवाज वाढवतं. कूस बदलल्यावर येणाऱ्या चक्करशी त्याचा काही संबंध नाही.

ऐकणं आणि तोल ही दोन्ही खाती आतल्या कानाकडंच असली तरी आण्णांच्या दोन तक्रारी बहुधा वेगवेगळ्या आहेत. एक अनेक वर्षांत साचत आलेली, दुसरी चार महिन्यांची. पहिलीला वेळ द्यावा लागेल. दुसरी कदाचित एका भेटीत सुटेल, म्हणून चक्करपासून सुरुवात करते.

पत्र वाचून निदान करता येत नाही, करूही नये. पण 'कूस बदलली की घर फिरतं' हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडून येतं, त्याच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात आधी एकाच गोष्टीचा संशय येतो. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. प्रत्येकाच्याच असतात, त्यांची तिथं गरज असते. वय वाढलं, डोक्याला मार लागला, खूप दिवस अंथरुणावर काढले, किंवा काहीच कारण नसलं तरी त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. ह्या नळ्यांत पाणी असतं. मान वळली की ते हलतं आणि मेंदूला कळतं की मान वळली. गवंड्याच्या लेव्हलपट्टीत जसा बुडबुडा हलतो, साधारण तसाच हिशोब. आता त्या पाण्यात खडे पडले की मान थांबल्यावरही ते घरंगळत राहतात, पाणी हलवत राहतात, आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. खडे खाली बसले की चक्कर थांबते. म्हणून ही चक्कर काही सेकंदांची असते, फार तर मिनिटभराची. आडवं होताना, उठताना, कूस बदलताना, वर फळीवरचा डबा काढताना येते. स्वस्थ बसलेल्या माणसाला येत नाही. आण्णांना नीट विचारा: चक्कर किती वेळ टिकते आणि कुठल्या कुशीवर येते? 'दिवसभर गरगरतं' असं म्हणाले तरी खोदून विचारा, कारण खरी गिरकी वीस सेकंदांची आणि तिची धास्ती दिवसभराची असं पुष्कळदा निघतं.

तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. पेशंटला टेबलावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवायची आणि त्याला झटक्यात मागं निजवायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबेल असं. डोळे मात्र उघडे ठेवायला लावायचे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं एका तालात फिरकी घेऊन वर उडायला लागतात, पेशंट आपला हात घट्ट धरतो, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं शांत होतं. डिक्स आणि हॉलपाइक ह्या दोघांनी १९५२ साली ही चाचणी नीट मांडली, अजून तीच चालते. डोळे कुठल्या कानाकडं फिरतात त्यावरून खडे कुठल्या कानात, कुठल्या नळीत आहेत ते कळतं.

उपचार त्याच टेबलावर. एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेली ही पद्धत आहे: मान आणि अंग ठरावीक क्रमानं वळवत, प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबत ते खडे नळीतून परत पिशवीत आणायचे. दहातल्या आठांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. पुन्हा होऊ शकतं, तेव्हा पुन्हा करायचं. नंतर दोन रात्री बसून झोपा वगैरे जुने नियम आता लागत नाहीत.

मोबाइलवर ह्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. पहिल्यांदा घरी करू नका. कान चुकला तर उपयोग नाही, नळी वेगळी असेल तर क्रमच वेगळा, आणि आण्णांच्या वयात मानेचे मणके, मानेतल्या रक्तवाहिन्या ह्यांचा विचार आधी करावा लागतो. एकदा कान आणि नळी ठरली, की पुढच्या वेळेला घरी काय करायचं ते शिकवून घ्या.

गोळ्यांबद्दल. त्या मळमळ दाबतात, गरगर थोडी बोथट करतात. खडे हलवत नाहीत. उलट चक्करच्या काही गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर वयस्कर माणसांना सुस्ती येते, हात थरथरतात, चाल मंदावते, आणि तोल आणखी जातो. तुमच्या आण्णांना नेमकी कुठली गोळी चालू आहे ते मला माहीत नाही, म्हणून परस्पर बंद करा असं म्हणणार नाही. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांपुढं पाकीट ठेवा आणि 'चार महिने झाले, ही अजून लागते का?' एवढं विचारा.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा. चक्करबरोबर बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर कानाचा विचार सोडून थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. तो पक्षाघात असू शकतो.

आता ऐकण्याचं.

'हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्यानं बोललं तर ओरडतीस कशाला.' घरोघरी ह्यावरून भांडणं होतात. सुनेला वाटतं म्हातारा मुद्दाम करतो, आणि म्हाताऱ्याला वाटतं सगळे माझ्यावर खेकसतात. खरं तर दोष दोघांचाही नसतो. आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. त्यातल्या बाहेरच्या रांगांचं काम बारीक आवाज मोठा करून आत पाठवणं. मागाच्या आवाजानं सगळ्यात आधी ह्याच मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की बारीक आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' ह्यांच्यामधली जागाच अरुंद होते. तुम्ही आवाज चढवला की ती जागा ओलांडून पलीकडं जाता.

त्यात पुन्हा सगळे आवाज सारखे जात नाहीत. आवाजात काम केलेल्या माणसाचा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खचतो, वयानं त्याच्या वरचे स्वर जातात. अ, आ, ओ हे जाडे स्वर शाबूत राहतात. स, श, फ, थ, च ही पातळ अक्षरं गळतात. म्हणजे आण्णांना तुमचा आवाज येतो, तुम्ही बोलताय हे कळतं, पण 'सात', 'हात', 'भात' ह्यातलं नेमकं काय ते लागत नाही. मग ते अंदाजानं उत्तर देतात, तो चुकतो, घरात हसू होतं, आणि हळूहळू ते बोलणंच कमी करतात. विकलीच्या (आठवड्याच्या पगाराच्या) हिशोबात, लग्नकार्यात असं झालंय का आठवून पाहा.

मागवाल्यांना आणखी एक सवय असते. शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून मंडळी ओठांवरून आणि खुणांवरून बोलतात. आण्णा ह्यात तयार असणार. त्यामुळंच समोर बसून बोललं की त्यांना बरंच कळतं आणि घरच्यांना वाटतं 'मनात असलं की ऐकू येतं'. मनात वगैरे काही नाही, ते ओठ वाचतात. तुम्ही स्वयंपाकघरातून पाठमोऱ्या बोललात, वर मिक्सर चालू, तर त्यांच्याकडं काहीच उरत नाही. आधी हाक मारा, ते बघेपर्यंत थांबा, मग नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. ह्याला एक रुपया लागत नाही आणि उद्यापासून करता येतं.

कुणाकडं जायचं? दोघांकडंही, आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं. कानात मळ आहे का, पडद्याला भोक आहे का, जंतुसंसर्ग आहे का हे तेच बघतील. (मळ काढायला पेन्सिल, हेअरपिन, गरम तेल काही नको.) कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे, तिथून सुरुवात केली तरी चालेल. त्यानंतरचं मोजमाप आणि मशीन बसवणं हे ऑडिओलॉजिस्टचं काम. ती चार वर्षांची पदवी आहे, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. भिंतीवर नोंदणी क्रमांक दिसला नाही तर विचारा. विचारल्याचा राग आला तर उठून या. मशीन विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो, आणि पांढरा कोट कुणालाही विकत मिळतो.

नीट तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून प्रत्येक स्वर किती बारीक झाला तरी ऐकू येतो ते बघतात. मग कानामागच्या हाडावर छोटा कंपक ठेवून तेच पुन्हा, म्हणजे दोष मधल्या कानात आहे की आतल्या, ते कळतं. एका कानाची तपासणी चालू असताना दुसऱ्या कानात शूऽऽ असा आवाज सोडतात, नाहीतर चांगला कान वाईट कानाची उत्तरं देऊन मोकळा होतो. शेवटी शब्द ऐकवून तेच परत म्हणायला लावतात, आणि ते मराठीत हवेत. बहुतेक घाईच्या शिबिरांत ह्यातला शेवटचा भाग गाळतात. वास्तविक मशीनचा किती उपयोग होईल हे त्यावरूनच कळतं. आण्णांना दोन्ही कानांनी साधारण सारखंच कमी येत असेल तर ते मागाच्या इतिहासाशी जुळतं. एक कान दुसऱ्यापेक्षा फारच वाईट निघाला तर डॉक्टर एमआरआय सुचवतील. घाबरू नका, पण टाळूही नका.

आता कपाटातलं मशीन. तपासणीला जाताना ते बरोबर घेऊन जा. त्याला लगेच नावं ठेवू नका. 'नुसता गोंगाट होतो' ह्याचा अर्थ बहुधा एवढाच, की ते आण्णांच्या कानाप्रमाणं जुळवलेलं नव्हतं. वर सांगितलं तसा कान असेल तर मशीननं बारीक आवाज वाढवायचे, मोठे जवळपास तसेच सोडायचे, जाडे स्वर हलवायचे नाहीत आणि पातळ अक्षरं उचलायची. हे सगळं संगणकाला जोडून ऑडिओग्रामप्रमाणं, म्हणजे तपासणीत निघालेल्या आलेखाप्रमाणं, भरावं लागतं. नुसता आवाज वाढवून दिला तर भांडी, हॉर्न आणि प्रेशर कुकर कानात शिरतात, बोलणं आहे तिथंच राहतं. शिवाय ते एकाच कानाचं आहे का? कानात बसणाऱ्या साच्याचं माप घेतलं होतं का? मळानं तोंड बुजलंय का? डिजिटल असेल आणि चालू स्थितीत असेल तर पुन्हा जुळवून आधी तेच वापरून बघता येईल. मी तुमच्या जागी असते तर नव्याचा विषय त्यानंतरच काढला असता.

नवीन घ्यायचंच ठरलं तर किमतीवरून पारखू नका. दुकानात तुम्हाला चॅनेल, म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे जुळवता येतात, ते सांगतील: आठ, सोळा, चोवीस. शांत घर, दोन-चार माणसं, टीव्ही, देवळातलं कीर्तन एवढाच ज्याचा दिवस आहे त्याला मधल्या किमतीतलं नीट जुळवलेलं मशीन, न जुळवलेल्या महागड्यापेक्षा कितीतरी चांगलं. एक प्रश्न मात्र जरूर विचारा: 'कानात बारीक नळी घालून, मशीन लावलेल्या अवस्थेत आवाज मोजून दाखवता का?' ह्या मोजणीनं कानाच्या पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते संगणकावर दिसतं. आपल्याकडं सगळीकडं ती सोय नाही, पण जिथं आहे तिथं काम गांभीर्यानं चालतं असं मी समजते. घरी नेऊन वापरून बघायला देतात का, पुढच्या वर्षभरात जुळवणीच्या किती भेटी किमतीत धरल्या आहेत, तेही लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे; बिलात लावला तर कारण विचारा.

दोन्ही कान गेलेले असतील तर दोन यंत्रांनी बोलण्याची दिशा कळते, गर्दीत जास्त समजतं. पण पैशाची ओढाताण असेल तर एकाच कानापासून सुरुवात करायला हरकत नाही. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगवालं घ्या, नखाएवढा सेल बदलणं त्यांना जमणार नाही. सेलवालंच असेल तर सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिकाच्या डबीत. तुमच्याकडच्या पावसाळ्यात हे चुकवलं की दुरुस्तीचा खर्च ठरलेला.

आणि 'आठ दिवस लावलं' हे फार कमी. इतकी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नाहीत ते अचानक येऊ लागले की कागद चुरगळला तरी दचकायला होतं. पहिला आठवडा घरात, दिवसातून दोन-तीन तास, एकाच माणसाशी बोलताना. मग टीव्हीच्या बातम्या. मग सगळे जेवायला बसलेले असताना. चौक, लग्न, बाजार सगळ्यात शेवटी. महिना-दीड महिना द्या आणि मधे एकदा तरी जुळवणीला परत जा, 'अमुक आवाज टोचतो, नातवाचं कळत नाही' असं नेमकं सांगायला. ऐन गोंगाटात मशीन लावूनही चोख ऐकू येणार नाही, हे आण्णांना आधीच सांगून ठेवा.

पैशांचं थोडं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं. तेवढ्यात मशीन येणार नाही, पण साचा आणि सेल सुटतील. केंद्राच्या एडिप ह्या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून अल्प उत्पन्नवाल्या दिव्यांगांना यंत्रं मिळतात. सध्याचे निकष आणि अर्ज चालू आहे का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

विस्मरणाची भीती घातली त्याबद्दल. कमी ऐकू येणं आणि पुढं स्मृतिभ्रंश ह्यांचा संबंध दिसतो, हे खरं आहे. पण मशीन लावलं की तो टळतो का, ह्याचं उत्तर तितकं सरळ नाही. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण मंदावली. म्हणजे आशा आहे, हमी नाही. ह्या भीतीवर ९० हजारांचा चेक फाडू नका. आण्णांनी नातवाशी बोलावं, एकट्यानं कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन यावं, मशीन घ्यायला एवढं कारण पुरे आहे.

आणि 'ह्या वयात कशाला' म्हणणाऱ्या तुमच्या मिस्टरांविषयी. ते त्याच शेडमध्ये उभे राहतात. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची साधारण मर्यादा मानतात. यंत्रमागाची शेड नव्वदच्या वर असते. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यानं सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, पण घरालगतच्या छोट्या शेडमध्ये कोण येतंय मोजायला! आण्णांना घेऊन जाल त्या दिवशी त्यांचीही तपासणी करून घ्या. फक्त मागाच्या सुट्टीच्या दिवशी जा. आदल्या पाळीचा आवाज कानात असताना तपासलं तर ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. दाबून बसवायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. कापूस चालत नाही, त्यानं आवाज अडत नाही. शेडमधल्या कामगारांनाही द्या, आणि बोळा आधी बोटांत वळून बारीक करून, कान वर-मागं ओढून घालायचा, हे एकदा करून दाखवा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं बाकीच्या वाचकांनाही सांगते: एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं गेलं, तर 'सर्दीनं बसला असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तरच त्यांच्याकडून फार काही अपेक्षा धरता येते.

ताई, चक्करची तपासणी ह्याच आठवड्यात करा. जाताना आण्णांना पुढच्या सीटवर बसवा, पोट फार भरलेलं नको, आणि तिथं गरगरलं तरी डोळे मिटायचे नाहीत हे घरूनच सांगून न्या. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, आणि उठताना आधी मिनिटभर कॉटच्या कडेला बसू द्या.